एस्तेरबाईंची केतकी

स्कूटी चालवताना एस्तेरबाई हेल्मेटची काच कधी खाली घेत नसत. धूळ असो, पावसाची झड असो, पुढच्या ट्रकचा काळा धूर असो, काच वरच. मी मागे बसलेली असायची. एकदा म्हटलं, बाई, डोळ्यात काहीतरी जाईल. तर म्हणाल्या, "डोळे मिटता येतात गं. नाक झाकून मला गाडी चालवता येत नाही."

केडगावहून एमआयडीसीत जायचं म्हणजे सगळं नगर आरपार ओलांडायचं. आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि दोघीही एकाच कारखान्यात. कारखाना म्हणजे एक मोठी शेड, एक छोटी शेड आणि दोन्हींपेक्षा मोठा बोर्ड. अंगाला लावायची पावडर आणि अगरबत्ती असा माल. मी पॅकिंगला सुपरवायझर, त्या केमिस्ट. कोणत्या पावडरीत कोणता सुगंध किती घालायचा आणि आलेला ड्रम घ्यायचा की परत पाठवायचा, हे सगळं त्यांच्या नाकावर चाले.

त्या तासाभराच्या वाटेवर बाई मला नगर वासाने दाखवत. बेकरीजवळ आलं की, आज खारी जरा जास्त भाजली. पुढं कुठंतरी डांबर टाकतायत, असं म्हणाल्या की दोन वळणं गेल्यावर खरंच डांबराची गाडी दिसायची. मलाही सोडत नसत. "रात्री मेथी केलीस. आणि लसूण जळला." मला राग यायचा. मग त्या आरशातून मागे बघून हसायच्या आणि म्हणायच्या की, अगं, चव चांगली झाली असेल, थोडा जळलेला लसूण मेथीला बरा लागतो.

कामाच्या दिवशी त्या डोक्याला तेलसुद्धा लावत नसत. गजरा नाही, पावडर नाही. सुगंधाच्या कारखान्यात सगळ्यात कोरं माणूस कोण, तर एस्तेरबाई. रविवारी मात्र चर्चला जाताना मोगऱ्याचा भरगच्च गजरा. त्या दिवशी नाकाला सुट्टी, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर सुगंधात बुडवलेल्या कागदी पट्ट्या हुंगून नाक थकलं की त्या कोपर दुमडून स्वतःच्याच हाताच्या आतल्या बाजूला नाक लावून घटकाभर बसत. नव्या पोरींना वाटायचं, बाई रडतायत.

त्यांचे शब्द ठरलेले होते. "चालेल" म्हणजे माल पास. "बघू" म्हणजे नाही. एकदा एका कंपनीचा विक्रेता नमुने घेऊन आला, अंगावर भपकन सेंट मारून. बाईंनी त्याला आत घेतलंच नाही. बाहेर कडुनिंबाखाली खुर्ची दिली, चहा पाठवला आणि निरोप दिला की, वारा आहे, जरा बसा, तुमचा वास गेला की तुमच्या मालाचा वास घेऊ. बिचारा जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसला होता. पण माल त्याचाच घेतला.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर सांगायच्या की, एक स्थळ आलं होतं, मास्तर होते, स्वभावाने चांगले, पण जवळ बसले तर न वाळलेल्या टॉवेलाचा वास. खरं की खोटं मला कधी कळलं नाही. घरी त्या आणि त्यांची आई. आजी थकलेली, पण कॉटवर बसून सगळ्या घराचा कारभार बघायची. "हिच्या नाकापायी माझा जावई गेला," असं ती आल्या-गेल्याला सांगायची, आणि बाई आतून म्हणायच्या, "आई, टॉवेल वाळत घाला म्हणावं त्यांना. अजून विचार करीन."

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मायलेकी दोघीही आजारी पडल्या. आजी घरच्या घरी बरी झाली. बाईंना मात्र दवाखान्यात ठेवावं लागलं, ऑक्सिजन लावावा लागला. परत आल्या तेव्हा साडी अंगावर नुसती अडकवल्यासारखी दिसत होती. कारखाना सुरू झाला, त्या कामावर आल्या, मी पुन्हा मागे बसू लागले. पण बाई वाटेत बोलत नसत. बेकरी मागे पडायची, त्या गप्प. एकदा सावेडीच्या पुढे रस्त्याच्या कडेला कुत्रं मरून पडलं होतं. मी नाकाला पदर लावला, श्वास कोंडला. बाई शांतपणे सरळ निघून गेल्या. मला वाटलं, मरण एवढं जवळून बघून आलेलं माणूस, बोलावंसं वाटत नसेल.

एका रविवारी आजीने मला सांगितलं की, दूध उतू जाऊन पातेलं काळं ठिक्कर पडलं, सगळ्या घरात जळकट वास, आणि ही तिथंच ओट्याशेजारी भाजी निवडत बसलेली. बाई म्हणाल्या, लक्ष नव्हतं.

त्याच सुमारास गुलाब पावडरीची मोठी ऑर्डर होती. सुगंधाचा नवा ड्रम आला. बाईंनी पट्टी बुडवली, मास्क खाली घेतला, पट्टी नाकापाशी धरली आणि म्हणाल्या, चालेल. पावडर तयार झाली, डबे भरले, माझ्याकडे आले. आमच्याकडे सिंधूताई म्हणून एक जुनी बाई होती. नवऱ्यामागं दोन पोरी वाढवलेली, कामाला चोख, बोलायला मोकळी. तिने डबा बंद करता करता नाक मुरडलं.

"ताई, ह्याला घासलेटचा वास येतोय."

मीही हुंगून पाहिलं. येत होता. आम्ही दोघी डबा घेऊन लॅबमध्ये गेलो. बाईंनी चिमूटभर पावडर हातावर घेतली, हुंगली, आमच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "गुलाब आहे. मास्क धुवत जा सिंधू, मास्कचा वास येतोय तुला."

त्यावर पुढे बोलायचं कुणी? त्या कारखान्यात त्यांच्या नाकावर नाक नव्हतं. सिंधू ओशाळून परत आली. तिने त्या दिवशी संध्याकाळी खरोखर मास्क धुऊन वाळत घातला, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

माल परत आला. एका गावाहून नव्हे, सगळीकडून. शेठ स्वतः पॅकिंगमध्ये आले. शेठ वाईट माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी शोध लावला की, डबे उघडे ठेवले असणार आणि बाजूच्या जनरेटरच्या डिझेलचा वास पावडरीने धरला असणार. जनरेटरच्या भिंतीला लागून टेबल होतं सिंधूचं. शेठ तिला म्हणाले, उद्यापासून येऊ नको.

सिंधू फक्त एवढंच म्हणाली, "म्या न्हाई केलं, शेठ."

लॅबचं दार उघडं होतं. बाई बाहेर आल्या. मास्क काढून हातात घेतला.

"शेठ, ड्रमच खराब होता. तो मी पास केला."

"बाई, तुम्ही तिला पाठीशी घालू नका."

"घालत नाहीये. आजारातून उठल्यापासून मला कशाचाच वास येत नाही. पट्टी नाकाला लावायची आणि चालेल म्हणायचं, एवढंच मी करत होते. सिंधू मला सांगायला आली होती. मी तिलाच खोटं पाडलं."

शेठ एका खोक्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, मला का सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, "आईलाही नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

मग त्यांनी पर्स घेतली आणि निघून गेल्या. शेठने त्यांना थांबवलं नाही आणि उद्या या असंही म्हटलं नाही. संध्याकाळी मी सिटी बसने घरी आले.

त्या येईनात. मी दोन-तीनदा घरी जाऊन आले. समोर चार छोट्या बाटल्या मांडून बसलेल्या असायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, सकाळ-संध्याकाळ हुंगायचं आणि तो वास कसा होता ते आठवायचं. नाक पुन्हा शिकतं म्हणे. मी विचारलं, काही येतं का. म्हणाल्या, "पाणी हुंगल्यासारखं." मग थोड्या वेळाने, हळू, म्हणजे आजीला ऐकू जाऊ नये असं म्हणाल्या की, आईच्या साडीला नाक लावून बघते रोज, ती झोपली की. काही नाही.

शेठचा निरोप मीच नेला होता. माल पास करायला दुसरा माणूस बघू, पण कशात काय किती घालायचं ते तुमच्या डोक्यात आहे, या. बाई म्हणाल्या, बघू. त्यांचं बघू म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

हे मी सिंधूला सांगितलं, तर ती दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर माझ्याबरोबर केडगावला आली. बाईंच्या घरी पहिल्यांदाच येत होती. खुर्ची दिली तरी खाली बसली. चहा प्याली, आजीची विचारपूस केली. बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. कपबशी बाजूला ठेवून सिंधू म्हणाली,

"बाई, तुमी मला खोटं पाडलं त्याचा लई राग आला हुता. घरी जाऊन रडले. पर त्या दिशी तुमी दाराआड गप ऱ्हायल्या असत्या, तर कोनाला कळनार हुतं? माझं काम गेलं असतं न् तुमचं ऱ्हायलं असतं. आता उद्यापास्नं या. तुमाला न्हाई वास येत तर आमाला येतोय की."

आजी कॉटवरून म्हणाली, "जा गं. घरात बसून तरी कुठं वास येतोय तुला." तिला सगळं आधीपासून माहीत होतं. काळं पातेलं घासलं होतं तिने.

बाई आल्या. आता पट्टी आधी सिंधूकडे जायची, मग माझ्याकडे, आणि मग आम्ही सांगू ते ऐकून बाई ठरवायच्या. सुरुवातीला आम्हाला 'चांगला' आणि 'घाण' यापलीकडे सांगता येत नसे. बाई खोदून खोदून विचारायच्या. थंड की गरम? पहिल्यांदा कळतो की मागून येतो? कुणाची आठवण होते?

पुढच्या वर्षी शेठच्या मनात आलं की, गणपतीच्या आधी बाजारात आणायला एक अंगाला लावायचा सेंट काढावा, छोट्या बाटलीत, केवड्याचा. केवडा तर सगळेच काढतात, त्यामुळे नाव जरा वेगळं हवं, केतकी ठेवू. जेवणाच्या सुट्टीत याच गप्पा चालल्या होत्या. सिंधू भाकरी मोडता मोडता म्हणाली, नाव चांगलं हाय, पर त्ये फूल महादेवाला चालत न्हाई. बाईंना ती गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी विचारलं, का.

मग सिंधूने सांगितली. एकदा ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्यात मोठं कोण म्हणून वाद लागला. महादेव आगीच्या खांबासारखे मधोमध उभे राहिले, वर टोक नाही, खाली बूड नाही. जो टोक शोधील तो मोठा. विष्णू खाली गेले, दमले, आणि खरं सांगितलं की नाही सापडलं. ब्रह्मदेव वर निघाले. वाटेत केतकीचं फूल वरून खाली पडत येताना भेटलं. ब्रह्मदेव त्याला म्हणाले, मला टोक सापडलं अशी साक्ष दे. आणि केतकीने दिली.

"खोटी साक्ष दिली, म्हनून महादेवानं सांगितलं, माझ्या पूजंला तू न्हाई यायचं."

बाईंचा घास हातातच राहिला होता. "मग कायमचंच बाहेर ठेवलं तिला?"

"महादेवाच्या पूजंला न्हाई. पर गणपतीला चालतंय की. गौरीला तर मुद्दाम आनत्यात केवडा. लेकाला न् बायकूला चालतंय म्हंजे घरात आलंच की त्ये."

बाईंनी घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पेत्र होता. येशूचा सगळ्यात जवळचा. येशूला धरून नेलं त्या रात्री तीनदा म्हणाला, मी ह्या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवला तेव्हा बाहेर जाऊन रडला. पुढे येशूने आपली मंडळी, म्हणजे सगळं चर्च, त्याच्याच हाती दिली."

"मंग तुमच्यात बरं हाय," सिंधू म्हणाली. "आमचा महादेव तसा भोळा हाय, पर त्या दिशी त्येचं डोकं फिरलं आसंल."

त्या दुपारपासून बाईंनी केतकी मनावर घेतली. केवड्याचा वास तुम्हाला माहीत आहे, डोक्यात चढणारा, धारदार. बाईंना तो तसा नको होता. त्या म्हणाल्या की, केवड्याचं पान सोलत गेलं की आत कणसाला बारीक भुकटी असते, बोटाला लागते, तिथला वास मऊ असतो. मला तो हवा आहे. स्वतःला तर काही येत नव्हतं. सगळं आठवणीतून. केवड्याच्या अर्काचे इतके थेंब, थोडा गुलाब, व्हॅनिला, कसल्याशा फुलझाडाच्या वाळलेल्या मुळांचा महागडा अर्क, तो शेठकडे भांडून मागवलेला. मिश्रण करायच्या, बाटली हलवायच्या आणि आम्हाला बोलवायच्या. पॅकिंगमधल्या सगळ्या बायका ओळीने पट्ट्या हुंगायच्या आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या.

एक म्हणाली, लग्नाच्या शालूची ट्रंक उघडल्यासारखं. बाई म्हणाल्या, म्हणजे जड झालं. एक म्हणाली, देवळातल्या गुरवाच्या खांद्यावरच्या पंच्यासारखं. सगळ्या हसल्या, बाईही हसल्या, आणि केवडा कमी केला. एकदा मी म्हटलं, बाळाला धुरी दिल्यावर दुपट्याला येतो तसा. बाईंनी डोळे उघडले. "धुरीचा की बाळाचा?" मी पुन्हा हुंगलं. बाळाचा. त्या मान हलवत राहिल्या आणि म्हणाल्या की, जवळ आलो.

असं किती दिवस चाललं कोण जाणे. शेठ कुरकुरायला लागले होते. मग एके दिवशी बाईंनी पट्टी सिंधूला दिली. पट्टी नाकापाशी धरून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी विचारलं, घाण आहे का?

"न्हाई." मग ती म्हणाली, "गौरी घरात घेताना उंबऱ्यापाशी कसं वाटतं, तसं वाटतंय."

बाईंनी तिच्या हातातून पट्टी घेतली. स्वतःच्या नाकाला नाही लावली. पदराच्या टोकात गुंडाळून ठेवली आणि सिंधूला म्हणाल्या, चालेल.

केतकी बाजारात आली. फार मोठं काही झालं नाही. एका दुकानदाराने नाव बघून बाटल्या परत पाठवल्या, महादेवाचं नाव घेतो आम्ही म्हणून. पण नगरच्या बायकांना तो वास आवडला. घाम मुरला तरी अंगावर पावडरीसारखा राहायचा. गौरीच्या दिवसांत कापडबाजारातून चालताना गर्दीत कुठूनतरी तो यायचा. मी बाईंना म्हणायची, आली तुमची. त्या चटकन वळून बघायच्या, कोणत्या बाईच्या अंगावर असेल ते शोधायला. चेहरे बघत बसायच्या.

पुढे आजीला नगरात एकटीने सांभाळणं कठीण झालं. बाईंचा भाऊ पुण्याला होता, त्याने दोघींनाही नेलं. फोन असायचे. मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला की, बाई झोपेतच गेल्या. मी गेले होते, पण पोचायला उशीर झाला. ते मी धरत नाही. माझ्या लेखी बाई शेवटच्या दिसल्या त्या पुण्याला जायच्या आधीच्या आठवड्यात, ज्या दिवशी मी त्यांना खर्ड्याला नेलं.

खर्डा माझं माहेर. भावाने नवं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. बाई म्हणाल्या, येते, जामखेडच्या पुढे मी कधी गेलेच नाही. जेवणं झाल्यावर मी त्यांना किल्ला दाखवायला नेलं. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, सगळीकडे ज्वारी उभी. किल्ल्याच्या तटाखाली एक म्हातारी शेरडं चारत होती. आम्ही तिथंच दगडावर बसलो. वारा आमच्या अंगावर येत होता. मी काहीतरी बोलत होते आणि बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"काहीतरी येतंय."

मला वाटलं, पाऊलवाटेने कुणी येतंय. मी मागे बघितलं. बाई उठल्या, नाक वर करून, वाऱ्याच्या दिशेने, साडीला, केसांना कुसळं लागतायत याचं भान नाही, सरळ शेरडांमध्ये गेल्या. म्हातारीला विचारून एक करडू उचललं आणि त्याच्या दोन कानांच्या मध्ये नाक खुपसलं. करडू ओरडत होतं. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, शेरातली बाई हाय का. मी हो म्हटलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्या भावाच्या जीपची काच खाली करू दिली नाही. वास जाईल म्हणाल्या. आम्ही सगळे तो वास सहन करत केडगावपर्यंत आलो. दोन्ही तळवे तोंडाशी धरून बाई झोपल्या होत्या.

घराशी उतरलो तेव्हा आजी दारातच खुर्ची टाकून बसली होती. लेक जवळ जाताच तिने तोंड फिरवलं. "कुठं लोळून आलीस? शेरडाचा वास मारतोय अंगाला. आधी हातपाय धू, मग घरात ये."

"धुते गं," बाई म्हणाल्या. आणि तिथंच उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी आईच्या खांद्यावरच्या पदरात नाक लपवलं, आणि आजी, हातपाय धुतल्याशिवाय कुणाला शिवू न देणारी ती आजी, त्यांच्या केसांतली कुसळं एकेक करून काढत बसली.